बिलोराच्या कपारी : आल्प्समधील स्फटिकशोधकांचा इतिहास

आल्प्स पर्वताच्या मध्यभागी ग्रॅनाइट आणि नीस या कठीण खडकांच्या पोटात स्फटिकांनी मढलेल्या पोकळ्या आहेत. स्वित्झर्लंडमधील उरी, वाले, बर्न, ग्राउब्युंडेन आणि तिचिनो हे प्रांत आणि फ्रान्समधील माँ ब्लांचा परिसर त्यांसाठी प्रसिद्ध आहे. या पोकळ्या हुडकून त्यांतील क्वार्ट्‌झचे स्फटिक बाहेर काढणे हा तिथल्या डोंगरी गावांचा शतकानुशतके चालत आलेला व्यवसाय आहे. जर्मनभाषक खोऱ्यांत हे काम करणाऱ्याला श्ट्रालर म्हणतात, तर शामोनीच्या फ्रेंचभाषक खोऱ्यात क्रिस्तालिए. गुरे राखणे, गवत कापून साठवणे आणि वाटाड्याचे काम करणे यांच्या जोडीने उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत हा शोध चालतो. या व्यवसायाने आपले गिऱ्हाईक अनेकदा गमावले. अश्मयुगात स्फटिकाला हत्यारासाठी मागणी होती, पुढे कोरीव भांड्यांसाठी, मग निसर्गविज्ञानाच्या संग्रहांसाठी. आता मागणी आहे ती मुळासकट, धक्का न लागता सुटलेल्या स्फटिकांच्या घोसाला. मौल्यवान काय, याचे उत्तर जसे बदलत गेले तशी काम करण्याची रीत, कायदा आणि डोंगराविषयीचे ज्ञानही बदलत गेले.

या पोकळ्या कशा तयार झाल्या हे समजल्याशिवाय शोधकाचे कौशल्य समजत नाही. आफ्रिका आणि युरोप यांच्या भूपट्टांच्या टकरीतून आल्प्स उभा राहिला. पर्वत वर उचलला जात असताना खोलवरच्या खडकांवर ताण पडून त्यांना भेगा गेल्या. त्या भेगांत ३०० ते ४५० अंश सेल्सियस तापमानाचे खारट पाणी शिरले. या पाण्याने आजूबाजूच्या खडकातील सिलिका विरघळवली. पुढे तापमान आणि दाब उतरत गेले, तशी ती सिलिका भेगेच्या भिंतींवर क्वार्ट्‌झच्या रूपाने जमू लागली. हा क्रम प्रामुख्याने गेल्या दोन कोटी वर्षांत घडला. भेगेत मोकळी जागा होती तिथे स्फटिकांना आपल्या स्वाभाविक घडणीने वाढता आले : सहा बाजूंचा दांडा आणि वर टोकदार शेंडा. अनेक स्फटिक एकाच तळावरून निरनिराळ्या दिशांना वाढले की त्यांचा घोस बनतो. महाराष्ट्रात दख्खनच्या काळ्या पाषाणातही स्फटिकांच्या पोकळ्या सापडतात, पण त्या बहुतेक लाव्हारसात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या आहेत. आल्प्समधील पोकळ्या खडक फाटून झालेल्या आहेत. म्हणून त्या सहसा चपट्या असतात आणि खडकाच्या पदरांना आडव्या छेदून जातात.

आल्प्सच्या स्फटिकांचा रंगही त्यांचा इतिहास सांगतो. काही स्फटिक पाण्यासारखे नितळ असतात. त्यांना मराठीत बिलोर म्हणतात. काही तपकिरी धुरकट, तर काही जवळजवळ काळे असतात. आजूबाजूच्या ग्रॅनाइटमधील युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाचा क्वार्ट्‌झमधील अत्यल्प ॲल्युमिनियमवर परिणाम होऊन हा रंग येतो. धुरकट स्फटिक तापवला तर रंग उडतो. म्हणजेच खडक पुरेसा थंड झाल्यावरच हा रंग टिकू शकला. जो खडक आधी वर आला आणि आधी थंड झाला, त्यातील स्फटिकांना रंग धरायला अधिक काळ मिळाला. म्हणूनच गडद स्फटिक बहुधा उंच शिखरांजवळ सापडतात आणि नितळ बिलोर खालच्या पातळीवर.

या स्फटिकांचा शोध अश्मयुगापासूनचा आहे. उरी आणि ग्राउब्युंडेन यांच्या सीमेवर, सुमारे २,८०० मीटर उंचीवर फुओर्क्ला दा श्ट्रेम सुत नावाची खिंड आहे. तिथला बर्फ मागे हटल्यावर एका स्फटिकाच्या कपारीजवळ क्वार्ट्‌झच्या छिलक्यांसोबत लाकडाचे आणि हरणाच्या शिंगाचे अवशेष मिळाले. मध्याश्मयुगातील माणसे, म्हणजे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे शिकारी, इथे चढून येऊन स्फटिक फोडत होते, असे त्यावरून दिसते. आल्प्सच्या अंतर्भागात चकमकीचा दगड जवळपास मिळत नाही. काचेसारखी धारदार कड देणारा बिलोर हाच तिथे हाताशी असलेला पर्याय होता. या माणसांना घोसाचे मोल नव्हते. पाते निघेल असा निर्दोष तुकडा मिळणे महत्त्वाचे होते.

रोमन काळात बिलोर ही चैनीची वस्तू झाली. थोरला प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या सदतिसाव्या खंडात स्फटिकाची माहिती दिली आहे. आल्प्सच्या दुर्गम कड्यांवर माणसे दोराने लोंबकळून तो काढतात, असे तो नोंदवतो. स्फटिक म्हणजे अतिशय कडक गोठलेले बर्फ, ही त्या काळची समजूतही त्याने दिली आहे. हिमाच्छादित प्रदेशात सापडणाऱ्या, स्पर्शाला थंड आणि आरपार दिसणाऱ्या वस्तूविषयी ती समजूत पटण्यासारखी होती. युरोपात ती सतराव्या शतकापर्यंत टिकून राहिली.

मध्ययुगात चर्चमधील पवित्र अवशेष ठेवण्याच्या पात्रांसाठी बिलोर वापरला जाई, कारण पात्र बंद ठेवूनही आतील अवशेष भाविकांना दिसे. तेराव्या शतकात पॅरिसच्या कारागीर-संघांमध्ये बिलोर घडवणाऱ्यांचा स्वतंत्र संघ होता. व्हेनिसमध्येही हे काम भरभराटीला आले. आल्प्सच्या खोऱ्यांना मात्र सर्वांत मोठा ग्राहक मिळाला तो सोळाव्या शतकात, मिलान शहरात. गोत्थार्ड आणि इतर घाटांतून उतरणारे लमाण या शहराला माल पुरवत. तिथे मिझेरोनी आणि साराक्की या घराण्यांच्या कारखान्यांत बिलोराचे पेले, सुरया, थाळ्या आणि देवघरातील दीपदाने घडत. युरोपभरचे राजे आणि सरदार ती विकत घेत. सम्राट दुसरा रूडॉल्फ याने १५८८ मध्ये ओत्ताव्हियो मिझेरोनी याला प्रागला बोलावून घेतले, इतकी या कसबाला किंमत होती.

कारागिराला लागे तो मोठा, तडा नसलेला, नितळ दांडा. त्यामुळे श्ट्रालर घोस फोडून चांगले दांडे वेगळे करत आणि तळ, लहान स्फटिक व धुरकट माल टाकून देत. वजन, स्वच्छता आणि आकारमान यांवर भाव ठरे. स्फटिक हा कच्चा माल होता आणि काम खाणीच्या धर्तीवर चाले. उरीसारख्या प्रांतांत सत्ताधाऱ्यांनी परवाने आणि उत्पन्नातील वाटा यांचे नियम केले, कारण गरीब डोंगरी मुलखात रोख पैसा आणणाऱ्या मोजक्या वस्तूंपैकी ही एक होती.

शोधाची पद्धत मात्र तेव्हापासून फारशी बदललेली नाही. बर्फ वितळल्यावर जुलैपासून पहिली हिमवृष्टी होईपर्यंतचा काळ कामाचा. श्ट्रालर प्रथम दूरवरून कडा न्याहाळतो. खडकात पांढऱ्या क्वार्ट्‌झची शीर दिसली, तीत कुठे फुगवटा आला, शिरेलगतचा खडक सच्छिद्र आणि झिजल्यासारखा झाला, की आत पोकळी असण्याची शक्यता वाढते. खडकातील सिलिका विरघळून पोकळीत गेली, त्याची ही खूण असते. भेगेतून पाझरणारे पाणी आणि क्लोराइट या खनिजाची हिरवट माती ही दुसरी खूण. दरडीत स्फटिकाचे तुकडे दिसले तर ते वर कुठून घरंगळले याचा माग काढत चढावे लागते. हाताशी हातोडा, छिन्नी, दोर आणि टोकाला वाकवलेली लांब लोखंडी पहार असते. पहारीचे वाकडे टोक अरुंद फटीत घालून आतील माती आणि सुटे स्फटिक ओढून घेता येतात.

कपार उघडली की खरे नाजूक काम सुरू होते. बऱ्याच पोकळ्या क्लोराइटच्या मऊ मातीने भरलेल्या असतात आणि कोट्यवधी वर्षांत छतावरून सुटून पडलेले स्फटिक त्या मातीत सुखरूप पडलेले असतात. उंचावर ही माती गोठलेली असते. घाईने घाव घातला तर शेंडे तुटतात. म्हणून काही ठिकाणी गरम पाणी सोडून बर्फ वितळवतात, लाकडी काटकीने माती कोरून काढतात आणि मगच स्फटिक हलवतात. काढलेला माल कागदात किंवा कापडात गुंडाळून पाठीवरच्या लाकडी चौकटीवर बांधतात आणि तासन्‌तास उतरत खोऱ्यात आणतात. कोसळणारे दगड, हिमनदीतील भेगा आणि अचानक पालटणारी हवा यांनी या कामात अनेकांचे जीव घेतले आहेत.

१७१९ मध्ये बर्न प्रांतात, ग्रिम्सेल घाटाजवळ आर नदीच्या उगमाकडील त्सिंगेनश्टॉक या डोंगरावर एक प्रचंड कपार उघडली. तिथून सुमारे ५० टन स्फटिक निघाले. त्यांतील सर्वांत मोठे शेकडो किलो वजनाचे होते. या गुहेची कीर्ती खोऱ्याबाहेर गेली. आल्ब्रेख्त फॉन हालर या बर्नच्या वैद्य-कवीने आल्प्सवर लिहिलेल्या आणि १७३२ मध्ये छापलेल्या दीर्घ काव्यात स्फटिकांच्या गुहेचे वर्णन आले. तोवर कोरीव भांड्यांच्या जुन्या बाजाराला मात्र ओहोटी लागली होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बोहेमियात नितळ आणि जाड काच तयार होऊ लागली. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेवन्सक्रॉफ्ट याने १६७० च्या दशकात शिसेयुक्त काच आणली. तिला पैलू पाडता येत, ती चमकत असे आणि ती बिलोरापेक्षा कितीतरी स्वस्त होती. पुढे ब्राझील आणि मादागास्कर इथून मोठे, स्वच्छ क्वार्ट्‌झ जहाजांनी येऊ लागले. कोरीव कामासाठी आल्प्सच्या बिलोराची गरज उरली नाही.

व्यवसाय तगला तो विज्ञानामुळे. १६६९ मध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने दाखवून दिले की क्वार्ट्‌झचा स्फटिक लहान असो वा मोठा, वाकडातिकडा असो वा सुबक, त्याच्या समान बाजूंमधील कोन कायम राहतात. स्फटिक द्रवातून थरावर थर चढून वाढतो, अतिथंडीने गोठलेले बर्फ तो नव्हे, हेही त्याने मांडले. झुरिकचा योहान याकोब शॉइख्त्सर याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी आल्प्सचे दौरे करून स्फटिकांच्या नोंदी केल्या. लुसर्नचा वैद्य मोरित्स आंतोन काप्पेलर याने १७२३ मध्ये स्फटिकशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. शतकाच्या अखेरीस रने-जुस्त आवी याने पॅरिसमध्ये स्फटिकांच्या रचनेचा सिद्धांत मांडला. या अभ्यासकांना नुसता नितळ दांडा पुरत नव्हता. बाजूंचे कोन, शेंड्याचा आकार, स्फटिक कोणत्या खडकावर आणि कोणत्या खनिजांच्या सोबतीने वाढला, हे सारे त्यांना हवे होते. पूर्वी टाकून दिला जाणारा तळ आणि धुरकट स्फटिक यांना आता किंमत आली. घोस अखंड उतरवण्याची रीत इथून रुजली.

युरोपातील विद्वान आणि श्रीमंत यांच्या घरी खनिजांचे संग्रह उभे राहू लागले. गोत्थार्ड घाटातून जाणारे प्रवासी तिथे खनिजे विकत घेत. जर्मन कवी गटे १७७५, १७७९ आणि १७९७ असा तीनदा या घाटात आला. त्याचा दगड आणि खनिजे यांचा संग्रह पुढे सुमारे १८,००० नमुन्यांचा झाला. डिसेंटिस येथील बेनेडिक्टाइन मठातील प्लासिदुस आ स्पेशा (१७५२ ते १८३३) हा साधू स्वतः डोंगर चढून स्फटिक गोळा करणारा आणि त्यांची नोंद ठेवणारा संग्राहक होता. १७८९ मध्ये तो राइनवाल्डहॉर्न हे शिखर चढला. १७९९ मध्ये फ्रेंच सैन्याने मठ जाळला, तेव्हा त्याच्या पुस्तकांची आणि हस्तलिखितांची राख झाली. मठाचे द्रव्य आणि त्याचे स्फटिकही युद्धखंडणीत गेले. तरीही त्याने म्हातारपणापर्यंत डोंगर सोडले नाहीत.

गिर्यारोहणाचा पायाही काही अंशी या शोधकांनीच घातला. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने १७६० मध्ये माँ ब्लांच्या माथ्यापर्यंतची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. ८ ऑगस्ट १७८६ रोजी डॉ. मिशेल-गाब्रिएल पाकार याच्यासह त्या शिखरावर पोहोचणारा जाक बाल्मा हा शामोनीचा स्फटिकशोधक होता. हिमनदीवर चालणे, कपारीत रात्र काढणे, कड्याचा स्वभाव ओळखणे या गोष्टी त्या खोऱ्यात स्फटिकशोधक आणि शॅमॉय या रानबोकडांचे शिकारी यांनाच अवगत होत्या. १८२१ मध्ये शामोनीत वाटाड्यांची संघटना स्थापन झाली आणि पर्यटन वाढत गेले, तसा एकाच माणसाच्या अंगी वाटाड्या आणि क्रिस्तालिए ही दोन्ही कामे आली. पर्यटकांना वाट दाखवायची आणि उतरल्यावर स्फटिक विकायचा, अशी दुहेरी कमाई होऊ लागली.

एकोणिसाव्या शतकातील सर्वांत गाजलेला शोध १८६८ चा. फुर्का घाटाजवळच्या टीफेन हिमनदीच्या वरच्या कड्यात क्वार्ट्‌झच्या पट्ट्याखाली काही काळी भोके दिसत होती. बर्न प्रांतातील गुटानेन गावचा वाटाड्या पेटर सुल्त्सर आणि त्याचे साथीदार तिथे पोहोचले. आत जवळजवळ काळ्या क्वार्ट्‌झचे प्रचंड स्फटिक क्लोराइटच्या मातीत पडलेले होते. जागा उरी प्रांताच्या हद्दीत होती आणि शोधणारे शेजारच्या प्रांताचे. उरीच्या अधिकाऱ्यांनी अडवण्याआधी गुटानेनच्या गावकऱ्यांनी धावपळ करून माल घाटापलीकडे नेला. सुमारे १५ टन स्फटिक निघाले. ‘आजोबा’, ‘राजा’ अशी नावे मिळालेले शंभर किलोंहून जड स्फटिक आज बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहेत. संग्रहालयाने हे स्फटिक तसेच्या तसे ठेवले. मिलानच्या काळात हेच स्फटिक सापडले असते, तर गडद रंगामुळे त्यांना कोणी विचारलेही नसते.

या प्रकरणाने मालकीचा प्रश्न ऐरणीवर आणला. कपार कोणाची : शोधणाऱ्याची, कुरण ज्या ग्रामसमूहाचे आहे त्याची, की प्रांताची? खोऱ्यांनी याची उत्तरे रूढीतून घडवली होती. ज्याने कपार शोधून तिथे आपले हत्यार ठेवले किंवा खडकावर आपली आद्याक्षरे आणि वर्ष लिहिले, त्याचा हक्क ठराविक मुदतीपर्यंत इतरांनी मानायचा, ही त्यांतली मुख्य रूढी. आजही श्ट्रालरांच्या संघटनेच्या आचारसंहितेत ती आहे. उरीत जुन्या ग्रामसमूहांकडून परवाना घ्यावा लागतो, इतर प्रांतांत स्थानिक प्रशासनाकडून. सुरुंग आणि यंत्रे यांवर कडक बंधने आहेत. काम झाल्यावर दगड-माती नीट लावून ठेवणे आणि कुरणात गुरांना इजा होईल असे काही न सोडणे हेही कर्तव्य मानले जाते.

विसाव्या शतकात क्वार्ट्‌झला एक नवा औद्योगिक उपयोग मिळाला. १८८० मध्ये जाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी दाखवले होते की दाब दिल्यावर क्वार्ट्‌झमध्ये विद्युत्‌भार निर्माण होतो. रेडिओ आणि घड्याळे यांत त्याच्या कापलेल्या चकत्या वापरात आल्या. पण ही मागणी ब्राझीलने आणि नंतर कारखान्यात वाढवलेल्या कृत्रिम स्फटिकांनी भागवली. आल्प्सच्या वाट्याला राहिला तो संग्राहकांचा बाजार. दुसऱ्या महायुद्धानंतर सुबत्ता वाढली, खनिजांचे मेळे भरू लागले. अमेरिकेतील टूसान येथील प्रसिद्ध मेळा १९५५ पासून सुरू आहे. जळगाव, नाशिक, पुणे परिसरातील दगडखाणींतून निघणारे झिओलाइट आणि क्वार्ट्‌झचे नमुनेही पुढे याच जागतिक बाजारात पोहोचले. या बाजारात एका तुटक्या शेंड्याने किंमत कोसळते आणि मूळ खडकासह मिळालेला निर्दोष घोस सर्वांत वरचा भाव घेतो. ग्विंडेल नावाचे, एका आसाभोवती पिळलेले आल्प्सचे स्फटिकसमूह आणि धुरकट क्वार्ट्‌झवर बसलेले गुलाबी फ्लोराइटचे अष्टफलक हे विशेष मागणीचे नमुने आहेत.

डोंगर पोखरणाऱ्या मोठ्या बांधकामांनीही कपारी उघडल्या. १९७४ मध्ये ग्रिम्सेल भागातील जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा खणताना गेर्स्टेनेग येथे स्फटिकांनी भरलेली पोकळी लागली. बर्न प्रांताने ती जागेवरच संरक्षित केली आणि ती आज बोगद्यातूनच पाहता येते. स्फटिक काढून न नेता कपारच जपण्याचा हा निर्णय होता. २०१६ मध्ये खुल्या झालेल्या गोत्थार्डच्या तळबोगद्याच्या खोदाईत सापडलेल्या खनिजांवरही अधिकृत देखरेख होती.

श्ट्रालरांचा शोधही थांबलेला नव्हता. उरीतील गोशेनेन खोऱ्याच्या वर प्लांगेनश्टॉक या डोंगरात फ्रान्झ फॉन आर्क्स आणि पॉल फॉन केनेल १९९० च्या दशकापासून एका क्वार्ट्‌झच्या शिरेमागे खोदत आत जात राहिले. २००५ मध्ये त्यांना नितळ, महाकाय स्फटिकांची कपार लागली. त्यांतील एक घोस सुमारे ३०० किलोंचा आहे आणि सर्वांत लांब स्फटिक एक मीटरहून मोठा आहे. तळाशी चिकटलेला एवढा मोठा घोस शेंडे न मोडता सोडवून बाहेर आणणे, हे शतकानुशतके साठत आलेल्या कौशल्याचे फळ आहे. बर्नच्या संग्रहालयात २०११ पासून हा ठेवा लोकांसाठी खुला आहे.

आज पूर्णवेळ श्ट्रालर थोडे आहेत. बहुतेक जण सुतार, शेतकरी, शिक्षक किंवा वाटाडे आहेत आणि सुट्टीत डोंगरात जातात. हवामानबदलाने त्यांचे क्षेत्र बदलते आहे. हिमनद्या मागे हटल्याने हजारो वर्षे झाकलेले कडे उघडे पडत आहेत आणि नव्या कपारी दिसत आहेत. मात्र खडकाला बांधून ठेवणारे कायमचे गोठण सैल झाल्याने दरडीही वाढल्या आहेत. उघड्या पडलेल्या कपारीतील स्फटिक काढले नाहीत तर पाणी आणि गोठण यांच्या माऱ्याने ते फुटून जातात. काढणे योग्य ठरते ते या कारणासाठी. एकदा रिकामी केलेली कपार पुन्हा भरत नाही. त्यामुळे काढणाऱ्यावर एक जबाबदारी येते : कपारीचे स्थान, तिची दिशा, सोबतची खनिजे आणि स्फटिकांची मांडणी यांची नोंद ठेवावी, घोस अखंड उतरवावा आणि महत्त्वाचे नमुने संग्रहालयांना पाहू द्यावेत. अशा नोंदी असल्या तरच घोस कपारीतून निघाल्यावरही डोंगराच्या घडणीचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.